एका यकृताचे दोघे

ज्या बाईंचं आणि माझं यकृत एकच होतं, त्यांना मी वर्षभरात एकदाही पाहिलं नव्हतं. शेजारच्या घरात कोण राहतं हे हल्ली कुणालाच ठाऊक नसतं, त्यात नवल नाही. पण आमचा शेजार भिंतीचा नव्हता. जे यकृत दुपारी त्यांचं रक्त स्वच्छ करायचं, तेच संध्याकाळी माझं करायचं. एवढी सलगी असूनही मला त्यांचं नाव माहीत नव्हतं आणि विचारायची सोयही नव्हती.

मी शिवलिंग हारगे. मिरजेच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे अख्ख्या तालुक्यानं ज्या आवाजात ऐकलं, तो आवाज माझा. पुढे गाड्या स्वतःच बोलायला लागल्या. आपण कुठे आहोत, किती वेळात येतो, कुठली सीट रिकामी आहे, सगळं प्रवाशांच्या फोनवर त्याच सांगायला लागल्या आणि माझ्या खोलीला कुलूप लागलं. मी निवृत्त झालो, वर्षभरात बायको, सरोजा, गेली आणि तिच्यामागोमाग माझ्या यकृतानं मान टाकली. दारूच्या थेंबाला मी कधी शिवलो नाही. स्टँडच्या कँटीनची भजी आणि दिवसभर खुर्चीला चिकटून बसणं, एवढंच माझं व्यसन. पण यकृत गेलं म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. सुरुवातीला मी खुलासे करायचो, मग सोडून दिलं. खुलासा करावा असं माणूसच फारसं उरलं नव्हतं.

मुलगा प्रसन्न बडोद्याला असतो. त्याची मुलगी ईरा दीड वर्षाची झाली, पण मी तिला फोनच्या पडद्यावरच बघितलेलं होतं. माझं रक्त स्वच्छ करणाऱ्या मशीनची पाळी रोजची असते. एक दिवस चुकवला तर भ्रम व्हायला लागतो, दोन दिवस चुकवले तर शुद्ध जाते. बडोद्याला जाऊन येणं त्यात बसत नाही.

यकृत बदलण्याचं शास्त्र जुनं आहे. त्यातली खरी मेख मात्र मला डॉ. मृण्मयी इनामदारांनी समजावली. मला वाटायचं, एकाच्या शरीरातून काढलेलं यकृत दुसऱ्याच्या शरीरात जाईपर्यंत रक्तावाचून राहतं, म्हणून खराब होतं.

"ते तर होतंच, हारगेकाका," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "पण मोठी मोडतोड रक्त परत आल्यावर होते."

म्हणजे असं. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. रक्त थांबलं, प्राणवायू संपला की त्या थंडावतात, पण त्यांचं एक इंधन, सक्सिनेट नावाचं, आत साचत राहतं. मग रक्त येतं, प्राणवायू घुसतो आणि साचलेलं सगळं एकदम पेट घेतं. त्या भडक्यातून प्राणवायूचेच बिथरलेले रेणू बाहेर पडतात आणि पेशीची आवरणं, प्रथिनं, समोर येईल ते जाळत सुटतात. यकृतात पहाऱ्यावर असलेल्या कुप्फर पेशी हे बघून आरडाओरडा करतात. तो ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि चोर सोडून घरच्यांनाच बडवतात. पूर्वी चांगली चांगली यकृतं बसवल्यावर काही तासांतच निकामी व्हायची, ती यामुळे. इतके दिवस ज्याची वाट बघितली त्याच्या येण्यानंच मरण यावं, ही काय तऱ्हा! मला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं.

यावर उपाय म्हणून एक रेणू तयार झाला. त्याचं खरं नाव उच्चारायचं तर जिभेला गाठ बसेल. इस्पितळात सगळे त्याला 'उंबरा' म्हणतात. तो भट्टीच्या दारात बसून राहतो आणि साचलेलं इंधन थोडं थोडंच जळू देतो. तोपर्यंत पेशी आपल्या कोठीतल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजनवर, गुजराण करते. भडका उडत नाही, आरडाओरडा होत नाही, यकृत शांतपणे कामाला लागतं.

आता माणूस मोठा हुशार प्राणी. यकृत कितीही वेळा तोडून जोडलं तरी बिघडत नाही म्हटल्यावर त्यानं विचार केला, मग ते एकाच्याच पोटात कशाला घाला? पेटीत जिवंत ठेवा आणि तिघांना पाळीपाळीनं लावा. एकाच्या जागी तिघं जगतील. दोन वर्षांत ठिकठिकाणी अशा पेट्या झाल्या. मिरजेला आमच्या इस्पितळात एक आली. सकाळी एक रुग्ण, दुपारी दुसरा, संध्याकाळी मी. एकाची पाळी संपली की पेटीतलं रक्त काढून यकृत धुवायचं आणि पुढच्यासाठी नवं रक्त भरायचं. याला फेरपालट म्हणतात. तेवढा वेळ यकृत रक्तावाचून असतं. रुग्णाचं रक्त आणि पेटीतलं रक्त यांच्यामध्ये एक गाळणी असते. तिच्यातून विष, साखर आणि औषधं तेवढी जा-ये करतात.

रुग्णांनी एकमेकांना भेटायचं नाही, हा नियम होता. एकाची पाळी कायमची रिकामी झाली की बाकीच्यांना जास्त वेळ मिळतो. तेव्हा कोण कुणाच्या मरणावर टपलंय हे कळूच नये, असा त्यामागचा विचार. नियम करणाऱ्यानं माणसं चांगली ओळखली होती. पण एकट्या माणसाला त्यानं ओळखलं नव्हतं.

मला तिथं बसून दुसरा उद्योग नसायचा. पेटी काचेची होती. तांबूस-करडं यकृत आत संथपणे वरखाली व्हायचं आणि त्याच्या नळीतून सोनेरी पित्त थेंब थेंब पडायचं. मी त्याकडे बघत माझ्याआधीच्या माणसाचा विचार करायचो. त्या बाई आहेत, हे ग्रेसी सिस्टरच्या तोंडून एकदा निसटलं होतं. पाय ठेवायची घडवंची रोज वर ओढलेली असायची, म्हणजे बाई ठेंगण्या. खोलीत लवंगेचा वास असायचा. पित्त पातळ उतरलं की मी म्हणायचो, आज बाईंचं काहीतरी बिनसलंय. हळूहळू मी त्यांना सगळं सांगायला लागलो. मनातल्या मनातच, वेड लागलेलं नव्हतं. आज ईरानं मला 'आबा' म्हटलं, आज गॅस संपला, आज सरोजाची साडी बोहारणीला द्यायला काढली आणि परत ठेवली. त्यांनाही माझ्याबद्दल असंच कुतूहल असेल, हे मी गृहीतच धरलं होतं.

मग श्रावणातली संकष्टी आली.

मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो. सिस्टरनं नळ्या जोडल्या. थोड्या वेळानं मला घाम सुटला, हात कापायला लागले, आणि पेटीतलं यकृत एका कडेनं काळपट होताना दिसलं. पित्ताचा थेंब नळीच्या टोकाला आला आणि तिथंच अडला. ग्रेसी सिस्टर धावत आली.

"काका, जेवून आलाय ना तुम्ही?"

"भाकरी आणि दोडका. पोटभर."

"मग साखर एवढी खाली कशी?" ती ओरडली आणि तिनं डॉक्टरांना बोलावलं.

थोडेच दिवस चालणाऱ्या साध्या रक्तगाळणीवर आम्हा रुग्णांना ठेवलं आणि दोन दिवसांनी मला डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. त्या थकलेल्या दिसत होत्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याआधीच्या पेशंटनी नाव नोंदवताना विचारलं होतं, संकष्टी धरली तर चालेल का. मी म्हटलं, खुशाल धरा. माझ्या डोळ्यासमोर काय, साबुदाण्याची खिचडी, बटाटे, शेंगदाण्याचे लाडू. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी! उलट साखर वाढेल म्हणून मी सावध होते. नेहमीची संकष्टी त्या तशीच करतही होत्या. पण या वेळी त्यांनी निर्जळी धरली. चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब नाही. तशाच पाळीला आल्या."

पुढचं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. उपाशी शरीराला साखर पुरवता पुरवता पेटीतल्या यकृताची कोठी रिकामी झाली होती. मशीननं साखर सोडली, पण ती साठवायला यकृताला तास लागतात. तेवढ्यात फेरपालट झाली. उंबरा दारात बसला खरा, पण आत खायलाच काही नव्हतं. पेशींनी दम सोडला, रक्त घुसलं आणि जुन्या काळासारखा भडका उडाला. एक चतुर्थांश यकृत मेलं.

"उरलेलं बरं आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण आता रोजरोजची फेरपालट त्याला सोसणार नाही. फार तर एक. म्हणजे ते कुणाच्या तरी पोटात कायमचं बसवायचं. सकाळच्या पेशंटना पुण्याच्या पेटीवर जागा मिळाली, ती शेवटची होती. राहिले तुम्ही दोघं. त्या बाईंचं हृदय ऑपरेशन झेपण्यासारखं नाही. तुमचं वजन, तुमचं हृदय, सगळं जुळतंय. हारगेकाका, हे यकृत तुमचं आहे. दोन महिन्यांत बडोद्याला जाऊ शकाल."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? उडी मारावी एवढा झाला. नंतर विचारलं, "आणि त्या?"

"दुसरीकडे प्रयत्न चालू आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. मला काय ते समजलं.

बाहेर व्हरांड्यात ग्रेसी सिस्टर भेटली. तिचे डोळे लाल होते.

"त्यांना ओरडू तरी कसं, काका? रडत होत्या. म्हणाल्या, मी स्वतःसाठी न्हवता धरला."

"मग कुणासाठी?"

"ते न्हाई बोलल्या. घरी तर कुणीच न्हाई त्यांना, एवढं मला ठाऊक."

मी घरी आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो. घरी कुणी नाही. मग बाई उपवास कुणासाठी धरणार? आदल्या आठवड्यात मला ताप होता, पाळीच्या वेळी नुसता कुडकुडत होतो. सिस्टर त्यांच्याजवळ बोलली असणार. दुसरं कोण असेल? वर्षभर माझ्या मनातलं ऐकणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी पाणीसुद्धा सोडलं होतं. सरोजा गेल्यापासून माझ्यासाठी कुणी जेवायचंही थांबलं नव्हतं. मी त्या अंधारात ढसाढसा रडलो.

प्रसन्नचा फोन आला तेव्हा त्याला डॉक्टरांनी आधीच कळवलं होतं. "बाबा, तुमची खोली रंगवून घेतोय," तो म्हणाला. "ईराच्या खोलीला लागूनच आहे. आता काही कारणं सांगायची नाहीत." पोरगा मनापासून बोलत होता. मागून ईरा काहीतरी आपटत होती, तो आवाज मला फार गोड वाटला. मी "हो, हो" म्हणत राहिलो.

सकाळी मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

"एक विचारू? स्टँडवर एखादी गाडी बंद पडली की आम्ही दोन गाड्यांचे प्रवासी एकाच गाडीत बसवून द्यायचो. दाटीवाटी व्हायची, लोक शिव्या द्यायचे, पण पोचायचे. आम्हां दोघांना एकाच वेळी जोडलं तर?"

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली.

"हे मलाही सुचलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला सांगणार नव्हते. रोज तीच दोन माणसं, तेही एकाच वेळी, म्हणजे मधे धुवायला नको. फेरपालटच राहत नाही. गाळण्या दोन लावता येतील. यकृत टिकेल. पण किती? तीन वर्षं, चार, कोण सांगणार? एकाला जंतुसंसर्ग झाला तर दुसऱ्याला होईल. रोज दुपारपासून दिवेलागणीपर्यंत इथं बसावं लागेल. आणि काका, मग ते तुमच्या पोटात कधीच जाणार नाही. बडोदा विसरा. हे तुमच्याकडे मागायचा मला काय हक्क?"

"तुम्ही कुठे मागताय?"

"त्या तुमच्या कोण लागतात?"

आमच्या नात्याला मराठीत शब्द नव्हता. "करून टाका," मी म्हणालो.

प्रसन्न चिडला. आठ दिवस त्यानं फोन केला नाही, मग स्वतःच केला. "बाबा, परक्या बाईसाठी?" एवढंच म्हणाला. मी त्याला सांगू शकलो नाही की या गावात माझं सख्खं असं आता तेवढंच होतं. ईराचा वाढदिवस दिवाळीत होता. जाता येणार नव्हतं, तरी मी शब्द फिरवला नाही. त्यात थोरवी काही नव्हती. माझ्यासाठी उपाशी राहिलेल्या माणसाला टाकून मला जेवण गेलं नसतं.

दोन खुर्च्या लागल्या. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसलो. एवढ्या वर्षांत हजारो माणसांच्या गाड्या मी वेळेवर सोडल्या, पण माझी छाती अशी कधी धडधडली नव्हती.

दार उघडलं. सिस्टरच्या हाताला धरून एक ठेंगणी, सावळी, सत्तरीकडे झुकलेली बाई आत आली. तोंडात लवंग. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मी मनात रंगवलेल्या चित्रातलं उंची आणि लवंग सोडून काही जुळत नव्हतं.

"या कालिंदीबाई वेळापुरे," सिस्टर म्हणाली. "लक्ष्मी मार्केटमागं बांगड्यांचं दुकान होतं यांचं."

त्या बसल्या. सिस्टरनं दोघांच्या नळ्या जोडल्या आणि बाहेर गेली. यकृत मधोमध वरखाली होत होतं. वर्षभर यांच्याशी मनात किती बोललो होतो, आता तोंडानं बोलायचं होतं. मी त्यांच्याकडे वळलो.

"तुम्ही माझ्यासाठी निर्जळी धरलीत. ते मी कधी विसरणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत नुसतं कोडं.

"तुमच्यासाठी? मी कशापायी धरू? मला तवा काय ठावं तुम्ही हाय म्हणून?"

"म्हणजे?"

"सकाळी कुणीतरी असतंय एवढं म्हाईत होतं. माझ्यामागं ही खोली बंद करत्यात असं समजत होते मी." त्यांनी पेटीकडे बोट केलं. "मी ह्याच्यासाठी धरला हुता. ज्याचं हाय त्येच्यासाठी. कुणाचं का आसंना, गेल्या वर्षी हे पेटीत आलं ते श्रावणातल्या संकष्टीलाच, म्हंजी त्येला जाऊन वरीस झालं. वर्षश्राद्ध कुणी घातलं का न्हाई, देव जाणे. म्हटलं, आपण एक दीस पाणी तरी सोडावं. आन् त्येच्याच अंगावर उठलं की वो ते."

त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी काचेकडे बघत राहिलो. वर्षभर मी ज्यांच्याशी सुखदुःख बोललो, त्यांच्या लेखी मी जन्मालाच आलो नव्हतो. पोटातून हसू फुटलं आणि अर्ध्यावरच त्याचं काहीतरी दुसरं झालं. बडोद्याची रंगवलेली खोली डोळ्यासमोर आली. इतकं एकटं मला सरोजाच्या तेराव्यानंतरच्या सकाळीही वाटलं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सिस्टर सांगत होती, हे तुमच्या एकट्याच्या पोटात बसणार हुतं. लेकाकडं जाणार हुता."

"हो."

"आन् मी तुमच्यासाठी उपास धरला असं समजून ऱ्हायलात?"

"हो."

त्यांनी लवंग गालात फिरवली. मला वाटलं, आता हसतील.

"आता कळलं की. मग जा म्हणू का तुमास्नी? अजून डॉक्टरीणबाई करतील काय तरी."

त्यांचा आवाज शेवटाला कापला. मी माझ्याकडची नळी बघितली, त्यांच्याकडची बघितली. मध्ये पित्ताचा एक थेंब सुटला, मग दुसरा. तो कुणाच्या वाटचा होता हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "बसतो."

मग त्यांनी नळी नसलेला हात माझ्याकडे केला. "बघू हात," म्हणाल्या. मला काही समजायच्या आत माझा पंजा त्यांच्या पंजात होता. चार बोटं आणि अंगठा त्यांनी एकत्र दाबला, हाडं चाचपली, जन्मभर गिऱ्हाइकांची चाचपली तशी. बोटं उबदार होती.

"दोन सहाच्या बांगडीचा हात हाय," त्या म्हणाल्या. "पंजा मऊ हाय बापई माणूस असून. नाव काय म्हनला?"

मी नाव सांगितलं. त्यांनी हात सोडला नाही.